१८८३ नंतरच्या रमाबाई

इंग्लंडमधल्या वाँटेज गावी धर्मभगिनींचा एक मठ होता. तिथे १८८३ च्या सप्टेंबरात पंचविशीतल्या एका मराठी विधवेने आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे गळ्यात घालायच्या क्रुसावरून तिचा आणि मठातल्या, तिला शिकवणाऱ्या धर्मभगिनीचा मतभेद झाला. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. हिने सांगितले, त्या जागी मला संस्कृत अक्षरे हवीत. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या बायांनाही येत नाही. आमच्या ब्राह्मणांना संस्कृतचे जसे वाटते, तसेच तुम्हाला लॅटिनचे वाटते की काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आपल्याकडे त्यांच्याविषयी जे सांगितले जाते त्यात ही गोष्ट सहसा येत नाही. आपल्या ओळखीच्या रमाबाई कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृत संभाषणाने थक्क करतात, पुण्यात आर्य महिला समाज काढतात, विधवांसाठी शारदा सदन उघडतात आणि मग ख्रिस्ती झाल्यामुळे समाजापासून तुटतात. हा शेवटचा भाग आला की सांगणाऱ्याचा आवाज खाली येतो. शाळेत आम्हाला त्यांच्याविषयी शिकवताना बाई म्हणाल्या होत्या, ‘त्यांनी धर्म बदलला, पण कार्य मात्र मोठे केले.’ इतक्या वर्षांनंतरही माझे भांडण आहे ते त्या ‘पण’शी.

एक तर ह्या सांगण्यात क्रमच उलटा आहे. बाप्तिस्मा १८८३ चा, शारदा सदन १८८९ चे. म्हणजे ज्या कामासाठी आपण त्यांना मानतो, ते त्यांनी ख्रिस्ती झाल्यावर केले. अमेरिकेवरचे त्यांचे मराठी पुस्तक, दुष्काळातल्या मुलींसाठी उभे केलेले केडगावचे मुक्ती सदन, हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर, हे सगळे १८८३ नंतरचे. त्याआधीचे मराठी पुस्तक म्हणावे तर ‘स्त्रीधर्मनीति’ हे एकच. जिचे जवळजवळ सगळे लेखन धर्मांतरानंतरचे आहे, तिची गोष्ट धर्मांतरापाशी आणून संपवायची, हा आपल्या वाचनाचा दोष आहे. ह्या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की रमाबाईंचे ख्रिस्ती होणे आणि त्यांचे पांडित्य ही दोन निरनिराळी प्रकरणे नाहीत. एक गाळून दुसरे घेऊ गेलो तर हाती उरतात त्या रमाबाई नव्हेत. आणि मराठीच्या वारशात कोणाला धरायचे, कोणाला वगळायचे हा प्रश्न आजही मिटलेला नाही, म्हणून हे सारे जुने म्हणून सोडून देता येत नाही.

त्यांचे पांडित्य आले कुठून, हे आधी पाहू. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना धर्मपीठापुढे आपली बाजू मांडावी लागली होती. ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात राहायला गेले आणि तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मुलीला शिकवले ते मुख्यतः आईने, लक्ष्मीबाईंनी. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर हिंडले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, मग मोठी बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला चौथे माणूस मिळेना, तेव्हा रमाबाई स्वतः पुढे झाल्या; उंची कमी असल्यामुळे त्यांना ते ओझे खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावे लागले. त्यानंतर भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघे मिळून हजारो मैल पायी चालले. नवस, व्रते, उपास, तीर्थस्नाने, शास्त्रात सांगितलेले सगळे करून झाले होते. १८७८ मध्ये हे भाऊबहीण कलकत्त्याला पोचले आणि तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या ह्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या.

ह्या पदव्यांचे आपल्याला कौतुक आहे. पण त्या पदव्या मिळाल्यानंतर काय झाले, तिकडे आपले लक्ष जात नाही. ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन ह्यांनी त्यांना विचारले, वेद वाचले आहेत का? त्या म्हणाल्या, बाईला तो अधिकार नाही. सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली. तिथून पुढे त्यांनी धर्मशास्त्रे स्वतःच्या डोळ्यांनी, कोणाची टीका मध्ये न ठेवता वाचली. उतारवयात लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की शास्त्रे एकमेकांशी जवळजवळ प्रत्येक गोष्टीत भांडतात, एकमत होते ते एवढ्यावरच की स्त्री ही जात म्हणून वाईट आणि नवऱ्याच्या सेवेखेरीज तिला मोक्षाची वाट नाही. शूद्रांच्या बाबतीतही तेच. हा निष्कर्ष कोणा मिशनऱ्याच्या पुस्तकातून उचललेला नव्हता. संस्कृत ग्रंथ मुळातून वाचलेल्या बाईचा तो निष्कर्ष होता. म्हणून ‘इंग्लंडला गेल्या आणि मिशनऱ्यांच्या जाळ्यात सापडल्या’ ही आपल्याकडची जुनी मांडणी मला त्यांच्या बुद्धीचा अपमान वाटते. पंडितांच्या सभेत भल्याभल्यांना ज्यांनी उत्तरे दिली, त्या बाईला वाँटेजच्या मठात अचानक काहीच कळेनासे झाले, असे आपण मानायचे?

त्यांची वाट पुस्तकांतून गेली, हेही लक्षात ठेवायला हवे. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. त्या घरात पुस्तकांमध्ये त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. दोन वर्षांच्या आत नवरा पटकीने गेला. १८८२ मध्ये तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या, तिथे त्यांनी नव्या कराराचा अभ्यास केला. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे ह्यांचे लेखन पुढे इंग्लंडमध्ये त्यांना निर्णायक वाटले. गोरेही काशीचे शास्त्री. दोन संस्कृत पंडितांमधला हा धर्मविचार मराठी वैचारिक इतिहासाचा भाग आहे, पण तो आपल्याकडे फारसा शिकवला जात नाही.

आणि मन हलले ते कुठे? लंडनच्या फुलहॅम भागात ‘पतित’ म्हणवल्या जाणाऱ्या बायकांसाठी धर्मभगिनींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. अशा बायांना आपल्याकडे हाकलून देतात, इथे जवळ का घेतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवरची शोमरोनी बाई, आणि ह्या डोंगरावरही नाही, यरुशलेमातही नाही, उपासना कुठेही खऱ्या मनाने करता येते असे तिला सांगणारा येशू. जन्मभर तीर्थे पालथी घातलेल्या, तीर्थांच्या वाटेवर घर गमावलेल्या बाईला हे शब्द कसे लागले असतील, ह्याची कल्पना करायला आपण ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

आता वाँटेजच्या पत्रांकडे, म्हणजे तिथल्या धर्मभगिनींशी आणि चर्चच्या लोकांशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहाराकडे येतो, कारण माझ्या मते रमाबाईंचे खरे पांडित्य इथे दिसते. बाप्तिस्मा घेतला म्हणून चर्च सांगेल ते सगळे मान्य, असे त्यांनी एक दिवसही मानले नाही. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धांत बायबलात कुठे आहे, हे दाखवा म्हणाल्या. चर्चच्या जुन्या मतांगीकारातली, तो न मानणाऱ्यांवरची शापवाणी म्हणायला त्यांनी नकार दिला. अंडे घातलेला पदार्थ खायला नाही म्हणाल्या आणि त्यावरून ‘जातीचा अभिमान सुटत नाही’ हा शेराही ऐकून घेतला. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही ह्यावर बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की माझ्या आईने शिकवण्याला माझ्या बापाचा विरोध नव्हता, मी शिकवण्याला माझ्या नवऱ्याचा नव्हता, आणि तुमचा आहे! १८८५ च्या मे महिन्यातल्या पत्राचा आशय तर भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे हे खरे, पण पाद्री-बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मी मानायला बांधलेली नाही, भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे जोखड घ्यायची माझी तयारी नाही.

शास्त्रांना विचारलेला प्रश्न आणि बिशपांना विचारलेला प्रश्न एकच आहे. अधिकार कोणाचा? मूळ ग्रंथ माझ्यासमोर असताना मध्ये तुम्ही कोण? अनंतशास्त्र्यांची लेक धर्म बदलून वेगळी झाली नाही, उलट बापाने धर्मपीठापुढे चालवलेला वाद तिने वाँटेजमध्ये चालू ठेवला. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. राज्याच्या पैशातून झालेले हे फार मोलाचे काम आहे. पत्रे इंग्रजीत आहेत, पुस्तकही इंग्रजीत आहे. माझ्या ओळखीतल्या वाचणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांनी ते हातात घेतले आहे, आणि त्यांचा दोष नाही. ज्या भाषेतले हे मन आहे त्या भाषेत ते घरोघर पोचायला हवे होते.

मराठी लेखिका म्हणून रमाबाईंचा विचार करायचा तर तीन पुस्तके शेजारी ठेवावी. पहिले ‘स्त्रीधर्मनीति’, १८८२ चे. ते उपदेशाचे पुस्तक आहे, भाषा संस्कृतच्या वजनाने वाकलेली आहे आणि स्त्रियांना सुधारण्याचा त्यातला सूर आज जरा खटकतोही. दुसरे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’, १८८९ चे. आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळण्याचा सोहळा पाहायला त्या १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. महिन्या-दोन महिन्यांची भेट जवळजवळ तीन वर्षांची झाली. तिथली राज्यव्यवस्था, शाळा, घरे, धर्मादाय संस्था, बायकांच्या संघटना, सगळे त्यांनी मराठी वाचकासाठी लिहिले. परदेश पाहून दिपून गेलेल्या प्रवाशाचे हे पुस्तक नाही. मूळ रहिवाशांचे काय केले, काळ्यांना कसे वागवतात, हेही त्यात स्पष्ट आहे. आणि पानोपानी एक अदृश्य तुलना चालू आहे: पारतंत्र्यातला वाचक स्वतंत्र झालेल्या देशाविषयी वाचतो आहे, घरात कोंडलेली वाचक स्वतःच्या सभा भरवणाऱ्या बायकांविषयी वाचते आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी बाईने जगाच्या राजकारणाकडे असे सरळ पाहिलेले दुसरे पुस्तक मला माहीत नाही. मीरा कोसंबींनी २००३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हापासून परदेशी विद्यापीठांतून ते वाचले जाते. मराठी मुलामुलींनी आपल्या भाषेतले हे पुस्तक इंग्रजी अनुवादातून ओळखावे, ह्याचे मला मनापासून दुःख होते.

तिसरे पुस्तक म्हणजे बायबल. त्यावर थोडे थांबतो.

मराठीत बायबल रमाबाईंच्या आधी शंभर वर्षे येऊ लागले होते. मिशनऱ्यांनी, त्यांच्या पंडितांनी, समित्यांनी ते काम केले होते. रमाबाईंची तक्रार अशी की ते केडगावच्या बायकांना समजत नाही. केडगावच्या बायका म्हणजे कोण? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुली, टाकलेल्या, पळवलेल्या, अंध, आजारी. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात अशा दीड-दोन हजार जणी होत्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पुस्तकी, संस्कृतप्रचुर मराठी त्यांच्या कानावरून जाई. म्हणून रमाबाई चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. मुळातून भाषांतर करायचे, आणि ते अगदी साध्या मराठीत. जे शब्द जुन्या धर्मग्रंथांतले अर्थ अंगावर घेऊन येतात ते शक्यतो टाळायचे.

ह्यात केवढा त्याग आहे तो पाहावा. ज्या संस्कृतने त्यांना ‘सरस्वती’ केले, जी त्यांच्या आईच्या तोंडून आली, तीच त्यांनी लिहिताना बाजूला ठेवली. पंडिताने आपले पांडित्य दिसू न देण्यासाठी राबावे, ही गोष्ट मराठीला नवी नाही. ज्ञानेश्वरांपासून आपण तिचे गुणगान करतो. मग केडगावच्या ह्या कामाला त्या परंपरेच्या जवळ बसवायला आपण का कचरतो? मी इथे दोन्ही ग्रंथांची बरोबरी करत नाही, तशी करणे चूक ठरेल. ज्ञानेश्वरी काव्य आहे. रमाबाईंचे भाषांतर मुळातल्या शब्दाला शब्द धरून चालायच्या आग्रहामुळे जागोजागी अडखळते, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींतही ते सर्रास वापरात आले नाही. साहित्य म्हणून ते फार यशस्वी झाले असे मी म्हणणार नाही. पण ज्ञान ज्यांच्यापासून लांब ठेवले गेले त्यांच्या बोलीत ते आणायचे, हा त्यामागचा हेतू अस्सल मराठी आहे. एका बाईने मूळ भाषांवरून अख्खे बायबल भाषांतरित करणे जगातही विरळा. आणि हे काम कुठे चालले? पुणे-दौंड लोहमार्गावरच्या एका कोरड्या गावात, हजारो मुलींच्या जेवणाखाण्याची चिंता डोक्यावर असताना.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ते खोटे नाही, म्हणून ते नीट मांडले पाहिजे. शारदा सदन सुरू करताना तिथे धर्माचा प्रचार होणार नाही असे ठरले होते. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर आले ते ह्याच भरवशावर. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे ठेवत, मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून ही मंडळी बाहेर पडली आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकर रमाबाईंचे वैरी नव्हते. आपल्या शब्दावर लोकांनी मुली पाठवल्या आहेत, तो शब्द मोडतो आहे, असे त्यांना वाटले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटले असते. रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलणारही नाही. हे उत्तर प्रामाणिक होते, पण गुरूच्या खोलीचे उघडे दार हेच आश्रितांना आमंत्रण असते, हेही तितकेच खरे. पुढे केडगावचे मुक्ती सदन तर उघडपणे ख्रिस्ती होते. भुकेने तिथे आलेल्या मुलीला धर्म निवडायला किती मोकळीक होती, हा प्रश्न विचारणे रास्त आहे.

पण हा प्रश्न विचारणाऱ्याने त्याच्या आधीचाही विचारावा. त्या मुली तिथे का आल्या? ज्या घरांनी त्यांचे केशवपन केले, त्यांना एका वेळच्या जेवणावर ठेवले, दुष्काळात रस्त्यावर सोडले, त्या घरांनी त्यांना कोणता धर्म निवडायला दिला होता? शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. म्हाताऱ्या झालेल्या आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र सांगितले त्यात शारदा सदनातले दिवस आहेत; आपण स्त्रीशिक्षणाचा इतिहास कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेपासून सुरू करतो, पण हिंगण्याच्या घरातली बाई शिकली होती ती रमाबाईंच्या हाताखाली.

सगळ्यांनीच रमाबाईंना दूर लोटले असेही नाही. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ काढले ते त्यांच्या धर्मांतरावर पुण्यात उठलेल्या ओरडीला उत्तर म्हणून. एवढी शास्त्रे पढलेली बाई शास्त्रे सोडून गेली ती का, हे आधी स्वतःला विचारा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. फुले स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांना व्हायचेही नव्हते. तरी एका विदुषीचा निर्णय तिच्या बुद्धीचा निर्णय म्हणून घ्यावा, एवढी समज त्यांना होती. दीडशे वर्षे होत आली, आपण अजून तिथवर पोचलो नाही.

धर्म बदलला म्हणजे माणूस परका झाला, सरकारच्या बाजूचा झाला, हाही जुना आरोप. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी छावणीत बायकांचे काय हाल होतात, आपल्या सदनातल्या मुलीचे काय झाले, हे रमाबाईंनी वर्तमानपत्रात नावानिशी लिहिले. सरकारने त्याचा इन्कार केला, त्या मागे हटल्या नाहीत. त्याआधी १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या मोजक्या बायका प्रतिनिधी होत्या त्यांत त्या होत्या. इंग्रज बिशपांशी भांडणारी, इंग्रज सरकारला जाब विचारणारी ही बाई कोणत्या अर्थाने परकी?

हा प्रश्न रमाबाईंपुरता नाही. मराठीच्या थोरवीचा विषय निघाला की फादर स्टीफन्सची ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओळ भाषणात हमखास येते. १६१६ मध्ये छापलेले ते ‘क्रिस्तपुराण’ आहे, अकरा हजारांच्या घरात ओव्या असलेला येशूच्या चरित्राचा ग्रंथ, हे सांगायचे राहून जाते. पहिली मराठी कादंबरी म्हणून १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’चे नाव पाठ करायचे, पण ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी ती कोणत्या श्रद्धेतून लिहिली ते बाजूला ठेवायचे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मात्र आपण जिवाशी धरली. त्याचे कारण मला असे वाटते की त्या पुस्तकात घर आहे, हसू आहे, नवऱ्यामागे फरफटणाऱ्या बाईचे सोसणे आहे. ते वाचून आपले डोळे भरतात. रमाबाई डोळे भरू देत नाहीत. त्या वाद घालतात, पुरावा मागतात. सोसणारी ख्रिस्ती बाई आपल्याला चालते, वाद घालणारी चालत नाही.

आणि अगदी अलीकडचे पाहायचे तर २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आठवा. अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले तेव्हा ‘धर्मगुरू कशाला?’ म्हणून विरोध झाला. वसईच्या ह्या माणसाने अनेक वर्षे मराठी मासिक चालवले होते, हिरव्या वसईसाठी चळवळ केली होती, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणून साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवला होता. ह्यांच्या मराठीपणाचा दाखला आणखी कोणी द्यायचा होता? २०२४ च्या जुलैमध्ये दिब्रिटो गेले. त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजली मी वाचत होतो, आणि पुन्हा तोच ‘पण’ भेटत होता: धर्मगुरू होते, पण साहित्यिक मोठे. ‘पण’ कशाला? बायबल हातात नसते तर त्यांनी मराठीला बायबल कुठून दिले असते?

मला काय हवे ते साधे आहे. महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय १९६९ मध्ये साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढले आणि ते परवडणाऱ्या किमतीत घरोघर गेले. त्याने महाराष्ट्राचे वाचन बदलले. तसेच रमाबाईंचे सगळे मराठी लेखन, टिपांसह, स्वस्तात, जालावर आणि कागदावर, मिळायला हवे. वाँटेजची पत्रे चांगल्या मराठीत यायला हवीत. मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात ‘लोकस्थिती’तली प्रकरणे एकोणिसाव्या शतकातल्या निबंधवाङ्मयाशेजारी, चिपळूणकर-आगरकरांच्या रांगेत लागली पाहिजेत, ‘स्त्री-साहित्य’ नावाच्या ऐच्छिक पेपरात नव्हे. भाषांतराचा अभ्यास जिथे शिकवतात तिथे केडगावचे बायबल, त्याच्या दोषांसकट, टेबलावर हवे. ह्यासाठी कोणी ख्रिस्ती व्हायला नको, की ख्रिस्ती धर्माची भलामण करायला नको. तुकारामांचे अभंग वाचायला मला माळ घालावी लागली नाही.

इंग्लंडच्या चर्चने आपल्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या नावाने ठेवला आहे. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या जगभरच्या पेंटेकोस्टल ख्रिस्ती चळवळीच्या इतिहासात १९०५ चे केडगाव, तिथल्या धार्मिक जागृतीमुळे, येते. आपल्या पोस्टाने १९८९ मध्ये त्यांचे तिकीट काढले. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीतून केडगावला उतरणारी माणसे बहुतेक नारायण महाराजांच्या बेटाकडे जातात. त्यांनी तिकडे जरूर जावे. स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला एका संस्कृत पंडितेने मराठीसाठी काय केले, हे त्यांच्यातल्या कोणाला शाळेत सांगितले होते का, एवढेच मी माझ्या मनाशी विचारतो.

मनोरमा १९२१ मध्ये गेली, आईच्या आधी. रमाबाईंनी बायबलची मुद्रिते तपासणे सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा शेवटच्या पानांचे काम नुकतेच हातावेगळे झाले होते. छपाई मुक्ती सदनातच झाली. खिळे जुळवले ते तिथल्या मुलींनी. दुष्काळात उपाशी आलेल्या, पाटीवर पहिले अक्षर केडगावला गिरवलेल्या ह्या मुली जुळारी झाल्या होत्या. शिशाची उलटी मराठी अक्षरे एकेक उचलून त्या ओळीत बसवत होत्या, आणि ती बरोबर बसली की नाहीत हे वाचून पाहत होत्या.